मोतीबिंदू 'परत' येतो तेव्हा डोळ्यात नेमकं काय चाललेलं असतं?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:४०

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. फेको (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढायची पद्धत), घडी घालून आत बसवायची लेन्स, सगळं नीट. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि आईला समोरच्या घराच्या कौलांवरचं शेवाळ दिसलं. ते ती येईल त्याला सांगायची. यंदा दिवाळीनंतर त्याच डोळ्याला धुकं दिसायला लागलं. रात्री समोरून गाडी आली की दिवा पसरतो, म्हणाली. तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, मागच्या पडद्यावर (म्हणजे लेन्सच्या मागच्या पातळ पापुद्र्यावर, दृष्टिपटलावर नव्हे) जाळी आली आहे, लेझर करून टाकू.

गावात याचे दोन अर्थ निघाले. एक, लेन्स हलक्या प्रतीची बसवली. दोन, डॉक्टरांनी मोतीबिंदू पुरता काढलाच नाही. तिसरा अर्थ आईने स्वतः काढला: ऑपरेशननंतर दोन दिवस थेंब घालायचे राहिले होते, म्हणून हे झालं. आता डावा डोळाही पिकत आलाय आणि ती ऑपरेशनला नाही म्हणते. "परत येणारच असेल तर कशाला हात लावायचा?"

मी डोळ्यांची डॉक्टर नाही. मूत्रपिंडातल्या नळ्यांच्या अस्तरपेशींवर काम करते. त्या पेशी कशाने बिथरतात आणि मूत्रपिंडात व्रण कसे धरतात, हे शोधणं माझं रोजचं काम. त्यात टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन सतत समोर असतं. आईच्या डोळ्याबद्दल वाचायला बसले आणि पहिल्याच पानावर तेच भेटलं. तेव्हापासून रोज रात्री वाचते आहे. जे समजलं ते इथे मांडते, कारण गावातले दोन्ही अर्थ चूक आहेत आणि आईचा तिसराही.

आपलं मूळचं भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. पिशवीच्या पुढच्या भिंतीला आतून पेशींचा एकच थर चिकटलेला असतो. मागच्या भिंतीवर पेशी नसतात, नुसता पडदा. तो मध्यावर जेमतेम ४ मायक्रॉन जाड असतो. पिशवीच्या काठावर, जिथे पुढची भिंत मागे वळते, तिथल्या पेशी जन्मभर विभागत राहतात. नव्या पेशी आत सरकतात, लांब होतात, केंद्रक टाकून देतात आणि पारदर्शक तंतू बनतात. भिंग घडतं ते या तंतूंचं. आई पोटात होती तेव्हा तयार झालेले तंतू वयाच्या सत्तरीतही तिच्या भिंगाच्या गाभ्यात होते.

ऑपरेशनमध्ये पिशवीला पुढून गोल खिडकी पाडतात, आतला गढूळ गाभा फोडून ओढून घेतात आणि त्याच पिशवीत नवी लेन्स ठेवतात. पिशवी राखावीच लागते, तिच्याशिवाय लेन्स बसणार कशात? पण पिशवी राखली की काठाच्या वळणात दडलेल्या काही पेशीही राहतात. सर्जनचा हात कितीही सफाईदार असला तरी त्या सगळ्या निघत नाहीत. या उरलेल्या पेशींना मिळणारे निरोप, म्हणजे सिग्नल, पुढचं सगळं ठरवतात.

पहिला निरोप एफजीएफचा, म्हणजे पेशींची वाढ चेतवणाऱ्या एका प्रथिनाचा. सिडनीतल्या मॅकअ‍ॅव्हॉय आणि चेंबरलेन यांनी १९८९ मध्ये उंदराच्या भिंगाच्या पेशींवर दाखवलं की एफजीएफ थोडं असेल तर पेशी विभागतात, आणखी असेल तर सरकायला लागतात, आणि भरपूर असेल तर तंतू बनायला लागतात. एकच रेणू, मात्रेप्रमाणे तीन हुकूम. डोळ्यात पुढच्या पाण्यापेक्षा मागच्या जेलीत त्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून निरोगी भिंगात पुढचा थर थर म्हणूनच राहतो आणि काठ ओलांडून मागे सरकलेली पेशी तंतू बनते. ऑपरेशननंतर भिंग गेलेलं असतं, पण ही मांडणी तशीच असते. काठावरच्या पेशी रिकाम्या पडद्यावर सरकतात आणि नवे तंतू घडवू पाहतात. त्यांना दिशा देणारी शेजारपेशींची रांग मात्र आता नसते. मग त्या गोल फुगतात आणि साबुदाण्यासारख्या मोत्यांचे पुंजके तयार होतात. प्रागच्या एल्शनिग यांचं नाव त्या मोत्यांना आहे.

दुसरा निरोप टीजीएफ-बीटाचा. डोळ्यातल्या पाण्यात याचा क्रमांक दोनचा प्रकार मुख्य, आणि एरवी बहुतेक सगळा कुलूपबंद, निष्क्रिय. डोळ्याला इजा झाली की त्यातला काही मोकळा होतो. तो पेशीच्या पृष्ठावरच्या दोन ग्राहकांना (निरोप झेलणाऱ्या प्रथिनांना) एकत्र आणतो, ते आतल्या स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतात, त्यांना स्मॅड-४ येऊन मिळतं आणि ते मिळून केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात. शांत अस्तरपेशी शेजारणींचा हात सोडते, लांबुडकी होते, स्नायूंमध्ये असतं तसलं अ‍ॅक्टिन बनवते, कोलॅजन आणि फायब्रोनेक्टिन ओतते. आमच्या भाषेत याला ईएमटी म्हणतात. अशी पेशी आकुंचन पावते तेव्हा खालचा पडदा चुरगळतो आणि प्रकाश विखुरतो. आईचा पसरलेला दिवा तो हाच.

---

गोदातीर | रविवार, रात्री १०:२५

म्हणजे हा पुन्हा झालेला मोतीबिंदू नव्हेच? वडिलांना सहा वर्षांपूर्वी असंच झालं. आम्ही सगळे त्यांना म्हणत होतो की डॉक्टर बदलायला हवा होता. त्यांनी त्या डॉक्टरांकडे जाणंच सोडलं. तुमची पोस्ट वाचून जीव चुटपुटला.

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:४१

मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेलं भिंग. ते निघून गेलेलं असतं, परत येऊ शकत नाही. हे त्याच्या पिशवीवर चढलेलं नवं आवरण. 'दुय्यम मोतीबिंदू' या नावानेच बराच घोटाळा केलाय.

---

पापणी | सोमवार, सकाळी ७:१५

नेत्रशल्यचिकित्सक आहे, कोल्हापूरकडे वीस वर्षं काम करतो. ताईंनी मांडलेलं बरोबर आहे. रुग्णाला मी 'पडद्यावर जाळी' असंच सांगतो आणि ऑपरेशनच्या आधी सांगतो. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

आकड्यांसाठी: १९९८ साली तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. दृष्टीला त्रास होईल इतकी जाळी वर्षभरात सुमारे १२ टक्के डोळ्यांत, तीन वर्षांत २१ टक्के आणि पाच वर्षांत २८ टक्के डोळ्यांत आढळली होती. आज चांगल्या लेन्समुळे हे प्रमाण पुष्कळ खाली आलंय.

आता एक मतभेद नोंदवतो. हे प्रमाण खाली आलं ते सिग्नलिंगच्या अभ्यासामुळे नव्हे, लेन्सच्या कडेमुळे. आधीच्या लेन्सच्या कडा गोल असत. १९९० च्या दशकात अ‍ॅक्रिसॉफ नावाची लेन्स आली, तिची कड चौकोनी होती, आणि ती बसवलेल्या डोळ्यांत जाळी कमी येते असं ध्यानात आलं. श्रेय आधी तिच्या प्लास्टिकला दिलं गेलं. जपानमधल्या निशी यांनी सशांच्या डोळ्यांत दाखवलं की खरं काम धारदार कड करते. पडदा त्या कडेवर काटकोनात वळतो आणि सरकत आलेल्या पेशी तिथेच अडतात. हल्ली स्वस्तातल्या कडक लेन्सनासुद्धा चौकोनी कड देतात. माझ्या रुग्णांना या एका भौमितिक गोष्टीने जितकं दिलं तितकं कोणत्याही रेणूने दिलेलं नाही.

सोमरिंग यांनी काठावर साठलेल्या पेशींचं कडं १८२८ मध्ये वर्णन केलं. हॅरल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिली कृत्रिम लेन्स बसवली ती २९ नोव्हेंबर १८४९... क्षमस्व, १९४९ ला. इतका जुना प्रश्न, आणि त्यावर आजही एक औषध नाही.

---

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी १:३०

डॉक्टर, कडेबद्दलचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. पण कड पेशींना थोपवते, त्यांना गप्प करत नाही. कडेपाशी अडलेल्या पेशी जिवंतच असतात, विभागत असतात. ते कडं भरत जातं आणि काही डोळ्यांत वर्षांनी बांध फुटतो. त्या जिवंत कशाच्या जोरावर राहतात हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही, कारण त्याचं उत्तर थक्क करणारं आहे.

इंग्लंडमध्ये नॉरिचला जॉर्ज डंकन, मायकल वर्मस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुमारास एक प्रयोगपद्धत बसवली. नेत्रदानातून आलेल्या डोळ्यांवर ते मोतीबिंदूचं ऑपरेशन करत, अगदी खऱ्यासारखं. मग ती पिशवी अलगद सोडवून काचेच्या तबकडीत टाचण्यांनी ताणून ठेवत आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. पेशी एक-दोन आठवड्यांत मागचा पडदा झाकून टाकायच्या. मरण पावलेल्या माणसाच्या डोळ्यातल्या पेशी! दान करणाऱ्याच्या घरच्यांना कुणी हे सांगितलं असेल का, असं मला वाचताना वाटत राहिलं.

पुढे त्यांनी तबकडीतल्या पोषक द्रवातून सगळी प्रथिनं काढून टाकली. सीरम नाही, बाहेरून कुठलाच वृद्धिघटक, म्हणजे वाढीचा निरोप देणारं प्रथिन, नाही. नुसते क्षार, साखर, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं. माझ्या मूत्रपिंडाच्या पेशींना मी असं उपाशी ठेवलं तर काही दिवसांत त्या माना टाकतील. भिंगाच्या पेशी मात्र आपापल्या पडद्यावर वाढत राहिल्या, महिनोन्‌महिने जगल्या. म्हणजे त्यांना लागणारे निरोप त्या स्वतःच तयार करतात, स्वतःच ऐकतात. एफजीएफ त्यातलं एक, आणि पिशवीचा पडदाही ते धरून ठेवतो. भिंगाला रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. आयुष्यभर एकटं राहणाऱ्या अवयवाने आपली शिदोरी आपणच बांधायची शिकून घेतली आहे.

म्हणून डोळ्यातल्या पाण्यातला एखादा घटक अडवून हे थांबेल, असं मला वाटत नाही. निरोप पाण्यात आहे तसा पेशीतही आहे.

---

अबोली_०७ | सोमवार, दुपारी ३:०५

माझ्या मुलीला जन्मतः मोतीबिंदू होता. पाच महिन्यांची असताना ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मागचा पडदाही मुद्दाम कापला आणि मागची थोडी जेली काढली. आम्हाला तेव्हा काही समजलं नाही, फक्त सही केली. इतक्या लहान जिवाचं इतकं काही काढून का घेतलं, हा काटा अजून मनात आहे.

---

पापणी | सोमवार, दुपारी ४:५०

ताई, तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं. तान्ह्या मुलांच्या पेशी अतिशय जोमदार असतात. मागचा पडदा अखंड ठेवला तर जवळजवळ प्रत्येक बाळाच्या डोळ्यात जाळी येते, तीही भराभर आणि दाट. मोठ्या माणसाला धूसर दिसलं तर तो सांगतो आणि लेझरसमोर हनुवटी टेकवून बसतो. बाळ या दोन्हीतलं काही करू शकत नाही, आणि त्या वयात मेंदू बघायला शिकत असतो. वाट बंद राहिली तर डोळा आळशी होतो, तो पुढे सुधारणं कठीण. जेली काढतात कारण तिच्या पृष्ठभागाचाही त्या पेशी पायरी म्हणून उपयोग करतात आणि पाडलेली खिडकी पुन्हा बुजवतात.

चष्मा, पट्टी आणि डोळ्याच्या दाबाची तपासणी मात्र चुकवू नका. काचबिंदूची भीती या मुलांना पुढेही राहते.

---

अबोली_०७ | सोमवार, सायंकाळी ५:१०

पट्टी रोज लावते. रडते, तरी लावते. आता निदान कशासाठी रडवते ते कळलं.

---

सुगरणीचा_खोपा | सोमवार, रात्री ८:२०

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. टीजीएफ-बीटा दोषी आहे हे माहीत असताना त्याला अडवणारी प्रतिपिंडं ऑपरेशनच्या वेळीच का सोडत नाहीत? अर्ध्या तासाचं काम.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:५५

तुझा प्रश्न बरोबर ठिकाणी लागलाय. टीजीएफ-बीटा-२ ला पकडणारी प्रतिपिंडं बनलेली आहेत. तबकडीतल्या मानवी पिशवीत त्यांनी पेशींचं बिथरणं आणि पडद्याचं चुरगळणं रोखलं. तीच प्रतिपिंडं काचबिंदूच्या ऑपरेशननंतर व्रण धरू नये म्हणून माणसांत वापरून पाहिली. मोठ्या चाचणीचा निकाल २००७ मध्ये आला: खोट्या औषधापेक्षा काही फरक नाही. जिवंत डोळ्यात निरोप एकदाच येऊन थांबत नाही, प्रतिपिंड मात्र वाहून जातं.

दुसरी अडचण, टीजीएफ-बीटा अडवला तरी एफजीएफचे मोती राहतातच. ज्या पेशींना तू बिथरू देत नाहीस त्या शहाण्यासारख्या विभागत बसतील.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हा निरोप स्वतःलाच खतपाणी घालतो. बिथरलेली पेशी फायब्रोनेक्टिन ओतते, आकुंचन पावून त्या जाळ्याला ताण देते. पेशीच्या पृष्ठावर इंटेग्रिन नावाचे हुकासारखे आकडे असतात, ते त्या जाळ्यात कुलूपबंद पडलेला टीजीएफ-बीटा ओढून मोकळा करतात. तो पुन्हा त्याच पेशीला कामाला लावतो. अमेरिकेत डेलावेअरला मेलिंडा डंकन यांच्या गटाने उंदरांच्या भिंगातून अल्फा-व्ही इंटेग्रिन काढून टाकलं. मग ऑपरेशननंतर त्या पेशींमध्ये स्मॅडचा निरोप पेटलाच नाही. त्याआधी २००४ मध्ये जपानच्या वाकायामा इथल्या साइका यांनी स्मॅड-३ नसलेल्या उंदरांच्या भिंगाला टोचून इजा केली होती. तिथेही पेशी बिथरल्या नाहीत. म्हणजे साखळी खरी आहे, दोन वेगळ्या कड्यांवर तोडून पाहिलेली आहे.

डेलावेअरच्याच कामातून आणखी एक कळलं. उंदरांत ऑपरेशननंतर सहा तासांतच उरलेल्या पेशी दाह वाढवणारी जनुकं चालू करतात. टीजीएफ-बीटाचा निरोप त्यांच्यात त्यानंतर दिसू लागतो. आपण बाहेरून आलेल्या दाहाला दोष देत होतो, आणि पहिली हाक या पेशींनीच दिलेली असते. मला इथे औषधाची वाट दिसते: टीजीएफ-बीटा मागाहून अडवण्याऐवजी तो आकडा किंवा ती पहिली हाक धरायची, आणि औषध लेन्सच्या अंगातूनच हळूहळू पाझरेल असं काही करायचं.

---

पापणी | मंगळवार, सकाळी ६:५०

यात सर्जन म्हणून एक भर. पेशी सरळ मारून का टाकत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक निवासी डॉक्टर विचारतो. कर्करोगाची औषधं, विषारी रेणू, नुसतं ऊर्ध्वपातित पाणी, सगळं करून झालंय. पण पिशवीपासून काही मिलिमीटरवर पारपटलाच्या (बुबुळासमोरच्या पारदर्शक काचेच्या) आतल्या पेशी असतात आणि त्या माणसात पुन्हा तयार होत नाहीत. जाळी वाचवायला जाऊन पारपटल गमावलं तर तो डोळा लेझरने सुधारत नाही. म्हणून जे औषध डोळ्यात जाईल ते फक्त भिंगाच्या पेशी ओळखणारं हवं. तुमचे इंटेग्रिन ती ओळख पटवू शकले तर मी माझं कडेबद्दलचं वाक्य आनंदाने मागे घेईन.

---

मांडवीकाठी | मंगळवार, दुपारी १२:१५

आमच्या गोव्यात काकीला लेझर सांगितलाय. तिला वाटतं डोळा आतून जाळतात. परत बिल्डिंगमधली एक बाई म्हणाली, लेझरनंतर दर वर्षी करावा लागतो. खरं काय ते कोण सांगेल?

---

पापणी | मंगळवार, दुपारी २:४०

जाळत नाहीत. याग लेझरचा झटका काही अब्जांश सेकंदांचा असतो. प्रकाश पडद्यापाशी एका बिंदूवर एकवटतो, तिथे क्षणभर प्लाझ्मा तयार होतो आणि त्याच्या धक्क्याने पडदा टरकतो. पॅरिसच्या दानिएल आरों-रोझा आणि बर्नचे फ्रान्झ फांकहाउझर यांनी हे तंत्र १९८० च्या आसपास डोळ्यासाठी वापरात आणलं. त्याआधी डोळ्यात सुईसारखी सुरी घालून पडदा कापावा लागे.

काकींना खुर्चीवर बसवतील, भुलीचे थेंब घालतील, हनुवटी टेकायला सांगतील. बारीक टकटक ऐकू येईल. काही मिनिटांत बाहुलीमागे ३-४ मिलिमीटरची खिडकी तयार होते. चिरा नाही, टाका नाही. मोठ्या माणसांत ती सहसा पुन्हा बुजत नाही, त्यामुळे दर वर्षीची गोष्ट चूक.

धोका अजिबात नाही असंही म्हणणार नाही. पहिल्या काही तासांत डोळ्याचा दाब वाढू शकतो, त्यासाठी थेंब देतात. दृष्टिपटलाला सूज येणं किंवा ते सुटणं क्वचित घडतं, चष्म्याचा उणे नंबर खूप मोठा असलेल्यांत जरा जास्त. काळे ठिपके एकदोन दिवस तरंगतील, ते चालेल. पण ठिपक्यांचा एकदम पाऊस पडला, विजेसारखे चमकारे दिसले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्यावर ढकलायचं नाही.

कृष्णाकाठ ताई, आईंना हेही सांगा की दोन दिवस थेंब चुकल्याने जाळी येताना मी वीस वर्षांत पाहिलेली नाही.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी ३:२०

हे शेवटचं वाक्य तिला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पुन्हा एकदा वाच."

---

गोदातीर | शनिवार, रात्री ९:०५

आईंचं काय झालं? आम्ही वडिलांना घेऊन सहा वर्षांनी त्याच डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी ओळखलं. पुढच्या आठवड्यात लेझर आहे.

---

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:३०

किती बरं वाटलं वाचून.

आईचा लेझर गुरुवारी झाला. खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "एवढंच?" शुक्रवारी सकाळी अंगणात उभी राहून समोरच्या कौलांकडे बघत होती. यंदा त्यांनी कौलं धुऊन घेतली आहेत, शेवाळ नाही, हे तिला आत्ता कळलं.

डाव्या डोळ्यासाठी तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला: "याच्यातही त्या पेशी राहणार ना?" ते हो म्हणाले. "आणि जाळी आली तर लेझर इथेच होतो ना?" त्यालाही हो म्हणाले. तारीख पुढच्या महिन्याच्या ९ ची मिळाली आहे. थेंबांच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने आतापासूनच लिहून ठेवल्यात.